स्टाफचा चहा

संपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदासने पेपर उघडला आणि चहा निवायच्या आत सगळ्या सरकारी नोकरांना एका ओळीत उभं करून शिव्या घातल्या. तलाठी, मास्तर, नर्सबाई, तहसीलमधले बाबू, कोणी म्हणून सुटलं नाही.

"यायले काय कमी हाय? पगार हाय, सुट्ट्या हायेत, आता म्हणते जुनी पेन्शन पायजे. अन् आमी प्रायव्हेटवाल्यांनी काय घोडं मारलं होतं?"

समोर त्याचे वडील बसले होते. महादेवराव, वय वर्षं चौऱ्याऐंशी, मोर्शीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते बशीत चहा ओतून निवांत फुंकत होते. बशी रिकामी झाली तशी त्यांनी ती खाली ठेवली आणि सुनेला म्हणाले, "सीमा, माहा पांढरा सदरा काढून ठेव. मले मंडपात जायचं हाय."

मंडप म्हणजे संपाचा मंडप. अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कालपासून तो उभा होता आणि त्यात पांढऱ्या टोप्या घातलेले शेकडो कर्मचारी बसले होते. दोन हजार पाचनंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ती द्या, एवढं एकच मागणं. त्यांचा पुढारी अमोल तलाठी हा महादेवरावांच्या जुन्या शिपायाचा मुलगा. त्याचा आदल्या संध्याकाळी फोन आला होता. सत्त्याहत्तर सालच्या चोपन्न दिवसांच्या संपात बसलेली माणसं आता जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, बाबांनी येऊन दोन शब्द बोलावेत, आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, असं तो म्हणाला. म्हातारा तेव्हापासून हरखला होता.

"कुठी जाऊन नाई राहिले तुमी," देवीदास म्हणाला. "ऊन पाहा बाहेर."

देवीदासला सरकारी नोकरांचा एवढा राग का, हे सांगायचं तर अकोल्याला जावं लागेल. तिथल्या एमआयडीसीतल्या एका तेल मिलमध्ये तो सत्तावीस वर्षं डिस्पॅचला, म्हणजे मालाच्या गाड्या रवाना करायच्या कामावर होता. रोज बडनेऱ्याहून रेल्वेच्या पासवर जायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं. त्या मिलमध्ये माणसांच्या दोन जाती होत्या, लेबर आणि स्टाफ. अकरा वाजता चहा यायचा. लेबरला काचेच्या ग्लासात, नळाजवळ उभ्याने. स्टाफला कपबशीत, टेबलावर, सोनेरी काठाच्या कपात. देवीदासचा पगार हमालापेक्षा फार होता असं नाही. ओव्हरटाइम धरला तर काही हमाल त्याच्याहून जास्त घरी न्यायचे. पण कप त्याचा होता. माणसाला खूश ठेवायला मालकांना फार खर्च येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी लेबर गेटवर बसले. फंड पगारातून कापला जायचा, पण भरला जात नव्हता. शेषराव नावाचा फिटर हात जोडून ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचाही फंड कापतेच नं मालक? या, दोन दिवस बसा आमच्यासंग." स्टाफमधला एकही माणूस उठला नाही. अकरा दिवस ते सगळे मागच्या गेटने आत जात राहिले. महादेवरावांना हे कळलं तेव्हा ते तळमळून म्हणाले होते, "अरे, बस त्यांच्यात. तुहाच पैसा हाय तो." देवीदासने छाती काढून उत्तर दिलं होतं, "बाबा, आमी स्टाफ हावो. लेबर नाई."

दोन वर्षांपूर्वी मिलला कुलूप लागलं. लेबर युनियनचा कागद घेऊन कोर्टात गेले आणि भांडून का होईना, काहीतरी पदरात पाडून आले. स्टाफला मालकाने एकेकटं केबिनमध्ये बोलावलं, गोड बोलला, "वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे" अशा छापील कागदावर सही घेतली आणि जाताना प्रत्येकाच्या हातात सहा कपांचा एक खोका दिला. सोनेरी काठाचे. देवीदासने तो खोका बडनेऱ्यापर्यंत मांडीवर सांभाळून आणला. आता त्यातले तीन कप उरलेत, एकाचा कान तुटलाय, आणि आजचा चहा त्याच कपांतून झाला होता.

तेव्हापासून तो एका कृषी केंद्रात अर्धा दिवस बिलं लिहितो. त्यात त्याचा गाडीचा पेट्रोल-पाणी खर्च निघतो. बाकी घर, म्हणजे किराणा, गॅस, सीमाची थायरॉइडची गोळी आणि मुलगी प्रणालीचा क्लास, महादेवरावांच्या पेन्शनवर चालतं. आणि प्रणालीचा क्लास कशाचा, तर तलाठी भरतीचा. सकाळी उठून तलाठ्यांना शिव्या घालायच्या आणि दुपारी पोरगी तलाठी व्हावी म्हणून फी भरायची, यात वऱ्हाडात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

म्हातारा गेला की पेन्शन बंद. जमुनाबाई, महादेवरावांची बायको, सहा वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे मागे कोणाला अर्धीसुद्धा मिळायची नाही. हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. पण देवीदास वडिलांना फुलासारखं जपत होता. शिंक आली की डॉक्टर. संध्याकाळनंतर केळ नाही, दही नाही. जिना नाही, पारावर बसणं नाही, लग्नाला जाणं नाही. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं तर रिक्षा अगदी दाराला लावून. नातेवाईक म्हणायचे, श्रावणबाळ आहे पोरगा. तोही मान खाली घालून ते ऐकून घ्यायचा.

"ऊन मी पाह्यलं हाय," महादेवराव आता म्हणाले. "चोपन्न दिवस रस्त्यावर होतो. तुही माय गळ्यातली एकदाणी मोडून आली होती तवा. विसरला काय?"

"तवा तुमी अडतीस वर्षाचे होते."

"मंग आता चौऱ्याऐंशीचा हावो. काही झालं तं होऊ दे. इथं खाटेवर पडून मरण्यापरीस तिथं मेलेलं बरं."

"असं कसं होऊ दे?" देवीदासचा आवाज चढला. "तुमाले काही झालं तं घर कशावर चालन?"

सीमाच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. दारात प्रणाली पुस्तक घेऊन उभी होती, तिने पुस्तक मिटलं. देवीदासला आपण काय बोललो ते कळलं, पण सुटलेला शब्द गिळता येत नाही. महादेवराव त्याच्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "अस्सं," आणि उठून स्वतःच आलमारीकडे गेले.

सदरा त्यांनी स्वतः काढला. गुंड्या लावायला सीमा पुढे झाली, तर तिला त्यांनी हातानेच थांबवलं. मग नातीला म्हणाले, "प्रणाली, रिक्षा पाह्य. पेन्शन निघाली म्हण संपावर." प्रणालीने वडिलांकडे न बघता चप्पल घातली.

आजोबा आणि नातीला घेऊन रिक्षा गेली. देवीदास पाच मिनिटं ओसरीत उभा राहिला आणि मग चरफडत स्कूटर काढून मागोमाग निघाला. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्याला राग यायचा. हा राग घरात काढायची सोय उरली नव्हती, म्हणून तो मंडपात काढायचा असं त्याने वाटेतच ठरवलं.

मंडपात म्हाताऱ्याला पुढे खुर्ची दिली होती. अमोल पाया पडून त्यांना टोपी घालत होता. देवीदासने त्याला बाजूला बोलावलं.

"अमोल, लाज वाटते काय तुमाले? प्रायव्हेटवाल्याले काय भेटते माईत हाय? मले अठ्ठावन्न झाल्यावर महिन्याले अठराशे भेटन. अठराशे. सत्तावीस वर्षाचे. अन् तुमचे लाड आमी पुरवायचे."

"काका, मंग तुमी बी मांगा नं. आमी तुमाले नाई कुठं म्हणलं?"

"कोनाले मांगू? मिलले कुलूप हाय."

अमोल "बसा काका, पानी घ्या" म्हणून स्टेजकडे गेला. देवीदास मागच्या सतरंजीवर बसला. भांडायचं म्हणून आलेल्या माणसाला पाणी दिलं की त्याची फार पंचाईत होते.

तेवढ्यात कार्यालयाच्या दारातून एक मुलगी डबा घेऊन बाहेर आली आणि मान खाली घालून मंडपाच्या कडेने झपाझप निघाली. टोप्यांमधून कोणीतरी ओरडलं, "फितूर." दोन-चार जण हसले. महादेवरावांनी मान वळवली.

"कोन व्हय ते पोरगी?"

"आरती हाय आजोबा, माह्या क्लासची," प्रणाली म्हणाली. "कंत्राटावर हाय. कॉम्प्युटरवर बसते. आज नाई गेली तं उद्या काढून टाकतीन तिले. तिच्या खोलीत बारा जण होते, आता ते तिघी बारा जणाचं काम करून राहिल्या."

म्हाताऱ्याच्या जबड्याची हालचाल देवीदासला मागूनसुद्धा दिसली. लहानपणापासून ओळखीची होती ती; म्हातारा हट्टाला पेटला की जबडा असा हलायचा.

अमोलने भारदस्त आवाजात ओळख करून दिली आणि माईक महादेवरावांच्या हातात दिला. टाळ्या झाल्या.

"सत्त्याहत्तर साली आमी महागाई भत्त्यासाठी चोपन्न दिवस बसलो," महादेवराव म्हणाले. "लोक म्हणत, यायले काय कमी हाय. तवाबी हेच म्हणत. तोच भत्ता आज माह्या पेन्शनीत येते अन् घर खाते त्याच्यावर. तुमी मांगता ते हक्काचं हाय. सोडू नका."

टाळ्या वाढल्या. कोणीतरी घोषणा दिली. म्हाताऱ्याने हात वर करून ती थांबवली.

"पण मले एक सांगा. ते पोरगी आत्ता इथून गेली, तिले फितूर कोन म्हणलं? तुमच्या शेजारच्या टेबलावर बसते ते. तुमचंच काम करते. तिले पेन्शन तं सोडा, वर्षभराची नोकरी नाई. तिच्यासाठी तुमच्यातला कोन बसला एक दिवस? ते भरती झाली तवा कोन बोललं, का ही जागा पक्की भरा? नाई बोलले. कारन तुमी पक्के, अन् ते कच्ची. तुमी सायब, अन् ते..."

पहिल्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघू लागले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. अमोल लगबगीने पुढे आला, हसत हसत त्याने म्हाताऱ्याच्या हातातून माईक सोडवून घेतला आणि दुसऱ्याने खांद्यावर शाल टाकली.

"बाबांची तब्येत नाजूक हाय," अमोल माईकवर म्हणाला. "ऊन बम तापलं हाय. आपन सत्कार करून घेऊ अन् त्याईले आराम करू देऊ. उगाच काही झालं तं..."

देवीदासच्या कानशिलात कोणीतरी मारावी तसं झालं. हे वाक्य त्याचं होतं. दोन वर्षं तो हेच बोलत आला होता. पारावर जाऊ नका, लग्नाला जाऊ नका, उगाच काही झालं तर. एवढ्या काळजीने माणसाचं तोंड कसं बंद करता येतं, ते आज पहिल्यांदा त्याला समोरून दिसलं. वडील शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभे होते, आणि त्यांचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. त्याला संताप आला. अमोलचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तो सतरंजीवरून उठला आणि माणसं ओलांडत पुढे गेला.

"तब्येतीचं मले इचार," तो अमोलला म्हणाला. "ठणठणीत हाय त्याईची तब्येत. मी रोज पाहातो. बोलू दे त्याईले."

"काका, तसं नाई..."

"बाबा, बोला तुमी."

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळी पाहिलं होतं तसंच, डोळे न हलवता. "अन् काही झालं तं?"

"झालं तं झालं. घराचं मी पाहीन."

म्हाताऱ्याने नारळ प्रणालीच्या हातात दिला, शाल काढून खुर्चीवर टाकली. माईक काही परत आला नाही. अमोल तो धरून तसाच उभा होता, आणि कोणीतरी मागून वायर काढली होती. महादेवराव तसेच बोलू लागले. आवाज पातळ होता, तीन-चार रांगांपलीकडे जात नव्हता. मागचे लोक "आवाज, आवाज" करू लागले.

तेव्हा देवीदास मंडपाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि वडिलांचं प्रत्येक वाक्य मागच्यांसाठी मोठ्याने सांगू लागला. डिस्पॅचला सत्तावीस वर्षं गाड्यांचे नंबर ओरडलेला आवाज होता तो, कार्यालयाच्या खिडक्यांपर्यंत गेला. आतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"हे कच्चे-पक्के मालकानं केले," महादेवराव म्हणाले.

"हे कच्चे-पक्के मालकानं केले," देवीदास म्हणाला.

"अन् आपन कपातला चहा पेऊन खूश झालो."

"अन् आपन कपातला चहा पेऊन खूश झालो."

मग महादेवराव मुलाकडे बघतच म्हणाले, "माहा पोरगा अकरा दिवस मांगच्या गेटनं कामावर गेला."

देवीदास मागच्या लोकांकडे वळला. आवाज त्याने कमी केला नाही.

"मी अकरा दिवस मांगच्या गेटनं कामावर गेलो," तो म्हणाला.