गोळीमास्तरांचा डबा

बाइंडिंग खात्याच्या फोरमनना सगळे गोळीमास्तर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. टेबलाच्या खणात त्यांचा पत्र्याचा डबा असे, अँटिबायोटिकच्या अर्धवट पाकिटांनी भरलेला. कुणी शिंकलं की मास्तर दोन गोळ्या काढून हातावर ठेवत.

चार-पाच दिवसांत सर्दी जाई. ती जाणारच होती. सर्दीचा विषाणू त्या गोळीला खिजगणतीतही धरत नाही. पांढऱ्या पेशी बिचाऱ्या रात्रंदिवस राबून विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारायच्या, आणि हारतुरे डब्याला! स्वतः मास्तरांना जंतूंचा आजार झाला, तर डॉक्टर सात दिवसांच्या गोळ्या देत. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की मास्तर थांबत.

"उरलेल्या कामाला येतात," ते ऐटीत सांगत.

मग एकदा कागद कापायच्या यंत्राचं पातं बदलताना त्यांचा उजवा अंगठा चिरला. मास्तरांनी डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी अंगठा टम्म फुगला, हात कोपरापर्यंत लाल झाला आणि अंगात हुडहुडी भरली. बायकोनं त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं.

"जखमेतल्या जंतूंवर आठ औषधं तपासली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहांना हे जंतू भीक घालत नाहीत. दरवेळी अर्धाच मार देऊन सोडलंत ना? लेचेपेचे मेले, निगरगट्ट उरले. आता सातवं शिरेतून देते. बाकी तुमच्या पांढऱ्या पेशींवर भिस्त."

"पण माझा हात?"

"बघू."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी मनातल्या मनात आपल्या पेशींची माफी मागितली. हात वाचला. अंगठ्याचं वरचं पेर मात्र गेलं.

रविवारी अख्खं खातं भेटायला आलं. पुढे खळ लावणाऱ्या मावशी, हातात तोच डबा, काठोकाठ भरलेला.

"मास्तर, तुमच्यासाठी घरोघरचं गोळा केलंय. अगदी तुमच्या शिस्तीत. दोन खाल्ल्या, बाकीच्या जपून ठेवल्या!"

मास्तरांनी डब्यात डोकावलं. किती घरं, किती पोरंबाळं! शरमेनं त्यांचे डोळे वाहू लागले.

एवढ्यात मावशी शिंकल्या. डबा उघडून त्यांनी एक गोळी जिभेवर ठेवली. त्यांना थांबवायला मास्तरांनी बांधलेला हात घाईघाईनं वर केला.

आणि सगळ्या खात्यानं माना झुकवल्या. मास्तर आशीर्वाद देत होते ना!