शिळं पाणी

"काकू, त्या कुंडीत पाणी नका टाकू आता," मी कुंपणावरून म्हटलं. शेजारच्या रत्नप्रभाकाकूंनी ऐकलं आणि बादली घेऊन आत गेल्याच. वरून मलाच म्हणाल्या, "मंग नालीत फेकू का? पाप लागन."

आमच्या वणीत नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि आला की गल्लीतल्या सगळ्या बायांच्या अंगात येतं. आधीचं पाणी कितीही निवळ असो, ते शिळं. पिंप, हंडे उपडे करायचे, घासायचे, नवं भरायचं. शिळं पाणी झाडांना. तुळशीला, जास्वंदीला, आणि काकूंच्या घरी बैठकीतल्या त्या स्नेक प्लांटलाही.

ते झाड अनिकेतनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, गेल्या दिवाळीत पुण्याहून आणलं होतं. नीळकंठकाका गेल्यानंतरची पहिलीच दिवाळी. याला काही लागत नाही म्हणाला, ऊन नको, महिन्यातून एकदा घोटभर पाणी. आमचा नवा फ्लॅट झाला की आई, तू आणि हे झाड, दोघंही तिकडेच. पुण्याला गेल्यापासून साहेबांच्या 'मले'चं 'मला' झालंय, ते जाऊ द्या. पण काकूंनी तो शब्द पदराला बांधला. झाड जगलं म्हणजे आपण जाणार, असंच त्यांच्या मनानं घेतलं. आमच्याकडे खाणींमधल्या कोळशाची धूळ घरातसुद्धा बसते. काकू रोज देवपूजेआधी त्याचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या. अशा झाडाला महिनाभर तहानेलं ठेवणं त्यांच्यानं होणार होतं का?

पावसाळ्यात पानं पिवळी पडली, बुडाशी मऊ झाली. काकूंना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी ओतलं.

महालक्ष्म्यांना अनिकेत आणि सून आभा आले. मी वाढायला मदतीला गेले होते. अनिकेतनं सहज पान धरलं, तर ते मुळासकट हातात आलं. आत सगळंच सडलं होतं, घाण वास सुटला. "काय गं आई," तो हसला, "काहीच करायचं नव्हतं, तेवढंही जमलं नाही तुला." काकूंचं तोंड एवढंसं झालं.

जेवताना त्यानं सांगितलं, फ्लॅट मिळाला. पण दोनच खोल्या, त्यातली एक आभाच्या वर्क फ्रॉम होमची. तुला तिथं करमणार नाही म्हणाला. आभा ताटातली भाजी चिवडत राहिली.

"आणि तुझं बरं आहे आई, तुला काही लागत नाही."

माझ्या हातात आंबिलीचं पातेलं होतं. ते त्याच्या डोक्यावर उपडं करावं, असा संताप आला मला. काकू मात्र शांतपणे पुरणपोळीवर तूप सोडत होत्या.

"झाडालेही काही लागत नाही म्हून तूच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मले काय लागते, हे तूनं इचारलं कवा?"

अनिकेतनं वाटी तोंडाला लावली. मग म्हणाला, आंबील छान झालीय.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. त्यानंतर नळ आला तेव्हा मी कुंपणाशीच होते. काकू शिळ्या पाण्याची बादली घेऊन सवयीनं बैठकीत गेल्या, आणि तशाच भरल्या बादलीनिशी परत आल्या. तुळस समोर होती, जास्वंद होती. त्यांनी बादली नालीत रिकामी केली, घासली आणि नळाखाली लावली.