लॉन्ड्रीतला गोळ्यांचा डबा

पत्र्याचा, तळहातात मावेल एवढा, निळ्या रंगावर पांढरं गलबत छापलेला एक डबा मी आहे, मित्रांनो. माझं नेमकं वय मला सांगता येणार नाही. पण गलबताचं एक शीड खरवडून गेलंय आणि बोटं लागून लागून माझ्या कडा चकचकीत झाल्यात, यावरून तुम्हीच काय तो अंदाज बांधा.

कारखान्यात पत्र्याच्या एका मोठ्या तुकड्यावर आम्ही शेकडो भावंडं एकदमच छापली गेलो. मग यंत्रानं आम्हाला कापलं, दुमडलं, आमच्या कडा वळवल्या. पोटात पेपरमिंटच्या गोळ्या भरून आम्हाला दुकानात पाठवलं. मला एका गृहस्थांनी विकत घेतलं, आठ दिवसांत रिकामं केलं आणि कोटाच्या खिशात विसरून कोट धुवायला टाकला. कोट घ्यायला ते आले, पण मला नेलं नाही. "असू दे, कामाला येईल," असं म्हणून लॉन्ड्रीच्या काकूंनी मला पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

लॉन्ड्री लहानशी होती. पुढे काउंटर, त्यामागे नंबराच्या चिठ्ठ्या लावलेल्या कपड्यांच्या रांगा, आणि आत इस्त्रीचं लांब टेबल. काका गाडीतून हॉटेलांच्या चादरी आणायचे आणि पोचवायचे. काउंटर सांभाळायची काकांची धाकटी बहीण. काकू तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून गिऱ्हाइकंही वन्संच म्हणायची. आता मीच कशाला वेगळं म्हणू? आणि इस्त्री मात्र फक्त काकूंची. शर्टाची कॉलर त्या अशी बसवायच्या की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हायची.

कपड्यांच्या खिशात जे सापडेल ते माझ्याकडे यायचं. बटणं, किल्ल्या, कानातलं एखादं फूल. एकदा तर कागदात गुंडाळलेला दुधाचा दात! त्याची मालकीण दुसऱ्या दिवशी धापा टाकत आली. वन्संनी माझं झाकण उघडून दात तिच्या हातावर ठेवला, तेव्हा तिनं माझ्यावरच्या गलबताचा मुका घेतला होता. अशी बरीच वर्षं गेली. सुखाची होती.

मग काकूंचा उजवा खांदा दुखायला लागला.

सुरुवातीला त्या हसण्यावारी नेत. "खांद्याला कळलं वाटतं पन्नाशी आली ते," म्हणत. पण पुढे हात वर होईना, आणि कुशीवर वळलं की कळ येऊन जाग यायची. दवाखान्यात जाऊन त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. पाकीट मोठं होतं, ॲप्रनच्या खिशात मावेना. काकूंनी माझ्यातली बटणं बरणीत ओतली, गोळ्या माझ्यात ठेवल्या आणि मला खिशात टाकलं. काउंटरवरून मी थेट काकूंच्या खिशात! माझी छाती फुगली, मित्रांनो. मला वाटलं, ही बढती आहे.

पाच दिवसांनी खांदा बराच हलका झाला. गोळ्या संपल्या. आणि सहाव्या रात्री काकूंचा डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांनी आपल्या मनाशी हिशेब मांडला: गोळी घेतली की गुंगी येते, गुंगी आली की झोप लागते, म्हणजे झोपेसाठी गोळी हवी. त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि "खांदा अजून ठणकतोय" असं सांगून आल्या. तो ठणकत नव्हता असं नाही, पण सांगितला तेवढा नव्हता.

पुढे एका गोळीनं भागेना, म्हणून काकू दुसऱ्या एका दवाखान्यातूनही दुखण्याच्या गोळ्या आणू लागल्या. संध्याकाळ झाली की काकू सारख्या घड्याळाकडे बघायच्या, आज झोप लागेल ना? या भीतीनंच झोप पळायची. मग दिवसा पेंग येई, ती घालवायला चहावर चहा, आणि दुपारी चादरींच्या गठ्ठ्यावर तासभर लवंडणं. रात्री पुन्हा टक्क जाग्या.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. मनानं फार चांगल्या. काकूंचे सुजलेले डोळे पाहून त्यांना राहवलं नाही. "अगं, एवढे कशाला हाल काढतेस? ही माझी झोपेची गोळी घे. मी कधीची घेते, काही होत नाही," असं म्हणून त्यांनी चार गोळ्या कागदात बांधून दिल्या. त्याही माझ्याच पोटात आल्या. आठवड्यानं आणखी चार.

काका विचारत, "अगं, हल्ली तू फार गप्प असतेस."

"दमते हो," एवढंच काकू म्हणत.

त्या दोन महिन्यांत मला जितकं जपलं गेलं तितकं कधीच नाही. दर तासाला काकूंचा हात खिशावर जायचा. मी आहे ना, एवढं चाचपून बघायच्या. आणि मी वेडा खूश होतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचं कुणालाही बरंच वाटतं. पण आपल्यावाचून अडणं आणि आपल्यामुळे अडणं यात फरक असतो, हे मला एका कोटानं शिकवलं.

तो कोट एका जादूगारांचा होता. ते शाळाशाळांतून जादूचे खेळ करायचे. काळा, लांब कोट, आणि त्याला आतून-बाहेरून अकरा चोरखिसे. "दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही मी हा कोट," ते म्हणायचे, आणि काकूही एकेक खिसा उलगडून हळूहळू इस्त्री फिरवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा खेळ होता.

भर दुपारचे तीन वाजले होते. काकूंनी कोटाच्या डाव्या कुशीवर इस्त्री ठेवली. हात मुठीवरच होता. आणि उभ्या उभ्या त्यांचे डोळे मिटले. मी खिशातून पाहत होतो, म्हणजे ऐकत होतो. त्यांचा श्वास जड झाला, मग फार हळू झाला. करपल्याचा वास आला. माझ्या आत गोळ्या होत्या, आवाज नव्हता. मी काय करणार?

वास वन्संना लागला. त्या धावत आत आल्या, वायर खेचून काढली, इस्त्री उचलली आणि काकूंना दोन्ही खांद्यांना धरून हलवलं.

"वहिनी! अहो वहिनी, डोळे उघडा!"

काकूंनी डोळे उघडले, पण क्षणभर त्यांना वन्सं ओळखूच आल्या नाहीत. खाली कोटाला तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि त्याखालची घडी केलेली घोंगडी धुमसत होती. वन्संनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग काकूंना खाली बसवताना मी खिशातून घरंगळलो आणि फरशीवर उघडा पडलो. तीन रंगांच्या गोळ्या सगळीकडे पसरल्या.

वन्संनी त्यातली एक गोळी उचलून पाहिली. "मला वाटलं, यात बटणंच असतात," त्या म्हणाल्या.

काकू रडल्या. वन्सं त्यांच्याजवळ ओल्या फरशीवरच बसल्या.

काका आले, त्यांना सगळं कळलं, आणि माणूस घाबरला की जसा चिडतो तसे ते चिडले. "हा डबाच गटारात फेकतो!" म्हणून त्यांनी मला उचललं. खरं सांगतो, त्या वेळी मला ते योग्यच वाटलं. पण वन्संनी त्यांचा हात धरला. "दादा, थांब. एकदम सगळं बंद करायचं का नाही, हे आपल्याला काय ठाऊक? आधी डॉक्टरांकडे जाऊ. डबा घेऊनच."

त्याआधी मात्र जादूगारांना तोंड दाखवायचं होतं. संध्याकाळी ते कोट न्यायला आले. वन्सं काहीतरी सबब सांगणार होत्या, पण काकूच पुढे झाल्या. कोट समोर ठेवला आणि म्हणाल्या, "मी जाळला. झोपेच्या गोळ्या घेत होते. उभ्यानं झोप लागली."

जादूगारांनी भोकातून आपली दोन बोटं बाहेर काढून पाहिली. मग काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमचा हात भाजला नाही ना?" त्यांनी विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली. "मग झालं तर. अकरा खिसे आहेत, इथे बारावा शिवा. पण जरा खोल शिवा हं, ससा मावला पाहिजे."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. वन्संनी तिथेच बसून बारावा खिसा शिवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे दवाखान्यात गेलो: काकू, काका, वन्सं आणि मी. डॉक्टरबाईंनी मला टेबलावर पालथं केलं आणि गोळ्यांचे तीन ढीग केले.

"ही दुखण्याची, मी दिलेली. ही दुखण्याचीच, दुसऱ्या कुणीतरी दिलेली. आणि ही?"

"शिवणवाल्या बाईंची," काकू पुटपुटल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पण त्यांनी जे सांगितलं ते ऐकून काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दुखण्याची ही गोळी आणि झोपेची गोळी एकत्र पोटात गेली, तर नुसती गुंगी येत नाही, श्वासही मंदावू शकतो. "कोट जळला म्हणून वाचलात असं समजा," त्या म्हणाल्या. "आणि फेकून दिल्या नाहीत हे फार चांगलं केलंत. अंगाला सवय लागलीय. एकदम तोडायचं नाही, पायरी पायरीनं उतरायचं. मी लिहून देईन तेवढंच घ्यायचं, दर पंधरा दिवसांनी मला दाखवायचं."

मग त्यांनी झोपेचे नियम सांगितले. दुपारी लवंडणं बंद. चारनंतर चहा बंद. रात्री अकराच्या आधी अंथरुणात शिरायचं नाही आणि पहाटे पाचला काही झालं तरी उठायचं. झोप येत नसेल तर लोळत पडायचं नाही, उठून बसायचं.

"म्हणजे?" काकू चक्रावल्या. "मी आले झोप येत नाही म्हणून, आणि तुम्ही सांगता कमी झोपा?"

"भूक लागावी म्हणून मधलं खाणं बंद करतो ना आपण? तसंच," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "आणि खांद्याचं सांगा. इस्त्रीचं टेबल केवढं उंच आहे?"

टेबल काकांनी स्वतःच्या उंचीला करून घेतलं होतं. काका चांगले ताडमाड, काकू त्यांच्या खांद्याला. वीस वर्षं काकू खांदे वर करकरून इस्त्री करत होत्या, आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! त्या संध्याकाळी काकांनी करवत आणली आणि टेबलाचे चारही पाय चार चार बोटं कापले. शेवटचा पाय झाल्यावर एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतंस गं."

"तुम्हाला दिसायचं होतं," काकू म्हणाल्या. पण रागानं नाही.

आता माझी नोकरी पुन्हा बदलली. मी वन्संच्या ताब्यात गेलो. त्या अर्ध्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून त्यावर वार घालायच्या आणि त्या दिवसाची पुडी तेवढी काकूंना द्यायच्या. पहिले काही आठवडे कठीण गेले. काकू चिडायच्या, अंगाला घाम सुटायचा, "आज एकच जास्त द्या हो वन्सं," अशी गयावया करायच्या. वन्सं द्यायच्या नाहीत, पण त्या आठवड्यांत तिथेच मुक्कामाला राहून, काकू जाग्या असतील तेव्हा समोर बसून पायमोज्यांच्या जोड्या लावू लागायच्या. दोघींनी मिळून त्या काळात इतके पायमोजे जुळवले की गिऱ्हाइकं चकित झाली. शिवणवाल्या बाईंनाही काकू एक दिवस ओढत दवाखान्यात घेऊन गेल्या. पुड्या लहान होत गेल्या, मग एक दिवसाआड झाल्या, आणि एका सोमवारी माझ्यात काहीच नव्हतं.

रिकामं होण्याचा आनंद पत्र्याच्या डब्याला होतो का, असं तुम्ही विचाराल. होतो, मित्रांनो.

त्यानंतर महिन्याभरानं घडलेली गोष्ट. सकाळी साडेआठला वन्सं दुकानाशी आल्या, तर शटर बंद. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळलेली. काका गाडी घेऊन पहाटेच गेलेले. वन्सं मागच्या दारानं दुकानामागच्याच काकूंच्या घरात शिरल्या. काकू पलंगावर आडव्या, तोंड भिंतीकडे, हालचाल नाही. उशाशी घड्याळ होतं, वाजून वाजून थांबलेलं. वन्संनी आधी फडताळातून मला काढलं आणि उघडलं. मी रिकामा होतो. तेवढ्यात काका परतले. दोघांनी मिळून काकूंना गदागदा हलवलं.

"अगं! अगं ऐकतेस का?"

काकूंनी एक डोळा उघडला. "काय, आग लागली का?"

"साडेआठ वाजले, वहिनी!"

"मग वाजू देत की. चांगलं स्वप्न पडत होतं, मोडलंत," असं म्हणून काकूंनी पांघरूण डोक्यावर ओढलं. आणि त्या पुन्हा झोपल्या. घोरू लागल्या.

वन्सं मला छातीशी धरून हसत होत्या आणि रडतही होत्या. काका चवड्यांवर चालत बाहेर गेले आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "मंडळी, जरा हळू बोला. आज दुकान उशिरा उघडेल. मालकीणबाई झोपल्यात."

एकही गिऱ्हाईक रागावून गेलं नाही.

हल्ली मी फडताळात असतो. दिवसचे दिवस मला कुणी हात लावत नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. मित्रांनो, औषध वाईट नसतं. ज्याचं त्याला, सांगितलं तेवढं, सांगितले तेवढे दिवस दिलं की ते चांगलं काम करतं. दुसऱ्याचं औषध मात्र प्रेमानं दिलं तरी घेऊ नका, आणि प्रेमापोटी आपलंही कुणाला देऊ नका. घरातलं एखादं माणूस खूप गप्प झालं, सारखं खिसा चाचपू लागलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि कधी काळी तुमच्या हाताला माझ्यासारखा डबा लपूनछपून उघडावासा वाटला, तर झाकणाला बोट लावण्याआधी घरात कुणाला तरी हाक मारा.