हाइड म्हटलं की लपायचं

"पोर जेवत नाही माझी!" कुंपणापलीकडं चाऱ्याची कुट्टी करणारा कुट्टीवाला शाळेच्या दारातूनच गरजला. "ताट पुढ्यात ठेवलं तर म्हणते, आधी 'ईट' म्हणा. ईट म्हटल्याशिवाय घास उचलत नाही. हे काय चालवलंयस गं तू?"

"क्रियापदं," तिखट म्हणाली.

"इंग्रजी शिकवतेस की माकडं नाचवतेस?"

"करायचा शब्द करूनच शिकवावा लागतो, काका. तुम्ही काय पुस्तक वाचून कुट्टी करायला शिकलात?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! नववीतनं पळालेली पोर, आणि मला शिकवते!"

पोरं खी खी हसली. तिखटनं नुसतं डोळे वटारून बघितलं, तशी सगळी गप्प.

तिला गाव तिखटच म्हणायचं. सोळा वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर राग. नववीत मास्तरांनी पोटऱ्यांवर छडी मारली तर हिनं ती छडीच विहिरीत फेकली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेचं तोंड बघितलं नाही. आता मास्तरांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर ते अंथरुणात. लहान पोरं सांभाळायला कोणी मिळेना, तेव्हा मास्तरांची बायकोच हिच्या दारात आली. आई म्हणाली, "जा. घरात बसून तरी भांडीच आपटतेस."

पुस्तकातलं हिला फारसं येत नव्हतं. मग हिनं स्वतःची रीत काढली. 'रन' म्हटलं की पळायचं. 'जंप' म्हटलं की उडी. 'स्लीप' म्हटलं की आहे तिथं आडवं व्हायचं आणि घोरायचं. पोरं खूश होती. पण सगळ्यात लाडका शब्द 'हाइड'. हाइड म्हटलं की लपायचं, आणि तिखट 'कम' म्हणेपर्यंत देव खाली आला तरी बाहेर यायचं नाही.

काल कुट्टीवाल्यानं कुंपणापलीकडून हाक मारली, "मुंगेऽऽ, पाणी घेऊन ये!" आणि त्याची पोरगी, पाच वर्षांची, मुंगीएवढी, रांजणामागून टुणकन बाहेर आली. मग बाकीचीही आली. खेळ मोडला. तिखटचं डोकं फिरलं. तिनं मुंगीचा कान धरला आणि पिरगाळला. चांगला लाल होईपर्यंत. "कम मी म्हटलं होतं का? म्हटलं होतं का मी?"

मुंगी रडली नाही. नुसती मान हलवून नाही म्हणाली.

आज कुट्टीवाला भांडून गेला आणि तिखटनं मुद्दामच, त्याच्या नाकावर टिच्चून, पुन्हा हाइड घेतलं. दुपार तापली होती. गरम वारा सुटलेला, अंगणातली माती उडून दातांत करकरत होती. तिनं भिंतीकडे तोंड करून वीसपर्यंत आकडे मोजले. बाराला पोचली तेव्हा कुंपणापलीकडं इंजिन सुरू झालं. धडधड धडधड. मग कुट्टीच्या पात्यांचा आवाज, मक्याची वाळकी ताटं कराकरा चावणारा. त्यात दुसरं काही ऐकू येत नाही, शेजारी उभं राहून कोणी बोललं तरी.

सगळे शोधून झाले. 'कम' म्हणून झालं. पोरं ओळीत उभी राहिली. तिनं मोजली. दहा.

पुन्हा मोजली. दहा.

"मुंगी कुठाय?"

मग एका शेंबड्यानं कुंपणाच्या फटीकडं बोट केलं. "ती म्हणाली, आज मी सापडणारच नाही. गंजीत गेली."

तिखटनं फटीला डोळा लावला. पलीकडं दिसत होतं: मक्याच्या ताटांची गंजी, अर्धी उपसलेली. कुट्टीवाला पाठमोरा, तोंडाला आणि कानांना फडकं गुंडाळलेलं. हातातलं दाताळं, चार लोखंडी दातांचं, तो गंजीत खुपसायचा, ओढायचा, आणि ओढलेला ढीग मशीनच्या तोंडात ढकलायचा. खुपसायचा, ओढायचा.

ती कुंपणावरून गेली की कुंपणातून, तिला आठवत नाही. गुडघा फुटला ते नंतर कळलं. ओरडत धावली, स्वतःचं ओरडणं तिला स्वतःलाच ऐकू आलं नाही. दाताळं वर गेलं होतं. तिनं मागून दांडाच धरला.

कुट्टीवाल्यानं दचकून तिला झटकलं. ती पडली, उठली, पुन्हा धरला. फडक्याच्या वर त्याचे डोळे संतापले होते. तो काहीतरी शिवी देत होता. मग त्यानं तिचं तोंड नीट बघितलं. एकदा गंजीकडं बघितलं. एकदा शाळेकडं.

त्यानं इंजिन बंद केलं.

शांतता इतकी मोठी पडली की कान दुखले.

"मुंगे!" तो ओरडला. "अगं मुंगेऽऽ!"

गंजी हलली नाही.

"तूच बोलव," तो तिखटला म्हणाला. "तुझंच ऐकते ना ती."

"कम!" तिखट नेहमीसारखीच खेकसली. "कम, मुंगी! कम म्हणते ना!"

काही नाही. वाऱ्यानं वरची पानं तेवढी सळसळली.

मग दोघांनाही एकदमच आठवलं. मशीनच्या पलीकडं, कापून पडलेला ढीग. कंबरेएवढा. कुट्टीवाल्यानं तिकडं पाठ केली आणि खाली बसला.

"तू बघ," तो म्हणाला. "मी नाही बघणार."

"काका..."

"तू बघ गं. पाया पडतो तुझ्या."

तिखटनं ढिगात हात घातले. कुट्टी गरम होती, ओलसर वाटली. तिनं हात बाहेर काढून बघितले. घामच होता तो, तिच्याच हातांचा. ती उपसत राहिली. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. प्रत्येक वेळी बोटाला काही टणक लागलं की डोळे मिटायची. कणसाचा खुंट. दगड. पुन्हा खुंट. तळ लागला. फक्त चारा होता.

"नाही," ती म्हणाली. "काका, इथं नाही. इथं काही नाही."

तो तसाच बसून होता. ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तिखट गंजीपाशी गेली आणि गुडघ्यावर टेकली. आता तिच्यात रागाचा टिपूस उरला नव्हता.

"मुंगे," ती हळूच म्हणाली. "कान नाही पिरगाळणार. आईशप्पथ. कधीच नाही. ये बाळा."

ताटं खसफसली. मग एक डोकं बाहेर आलं, केसांत सगळी पानं. मुंगी रांगत बाहेर आली आणि उभी राहिली, दोन्ही कानांवर दोन्ही हात घट्ट दाबून.

"मी कम म्हटलं होतं ना गं! ऐकलं नाहीस?"

"ऐकलं," मुंगी म्हणाली. "पण तू रागानं म्हणालीस."

तिच्या फ्रॉकच्या घेराला एक भोक पडलेलं होतं. गोल, दाताळ्याच्या दाताएवढं. कुट्टीवाल्यानं त्यात बोट घालून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बोट बाहेर आलं तेही बघितलं. पोरीला त्यानं पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून तिखटकडं बघत राहिला.

"कान पिरगाळलास तू हिचा?"

"हो."

आता थोबाडीत बसणार, असं तिखटला वाटलं. तिनं गाल पुढं केला होता जवळजवळ. पण तो खाली मातीकडं बघत म्हणाला, "बाप बोलवतोय, तरी बाहेर आली नाही," आणि पोरीला उचलून घरी गेला. त्या दिवशी इंजिन पुन्हा लागलं नाही.

तिखट रात्रभर दाराकडं बघत पडली होती. सकाळी आई म्हणाली, "जा. नाही गेलीस तर गाव वेगळं सांगेल." ती गेली. पोरं आली. सगळ्यात शेवटी कुट्टीवाला, मुंगीचं बोट धरून. दारातच थांबला.

"ओरडायला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?"

"शाऊट."

"मग आज तेवढंच शिकव. दुसरं काही नको. माझ्या मशीनच्या वर ऐकू आलं पाहिजे." एवढं बोलून तो कुंपणापलीकडं गेला. आज कानांना फडकं न गुंडाळताच, हँडल मारून मारून त्यानं इंजिन सुरू केलं.

तिखटनं पोरांना खिडकीपाशी उभं केलं. "शाऊट!" अकरा पोरं जीव खाऊन ओरडली. छपरावरची कबुतरं उडाली. पलीकडं इंजिन बंद झालं आणि कुट्टीवाला धापा टाकत दारात आला, हातात पेंढी तशीच.

"काय झालं?"

"काही नाही काका. शिकतायत."

तो चौकटीला टेकून श्वास घेत राहिला. "ऐकू आलं," म्हणाला. "पण सगळ्यांचा आवाज नको. आता मुंगीला एकटीला ओरडू दे. मी तिथं पोचून मशीन लावलं की."

तो गेला. पुन्हा हँडल, पुन्हा धडधड, पुन्हा पाती. मुंगी खिडकीचा गज धरून उभी होती. तिखटनं शब्द उच्चारला, अगदी हळू, रागाचा लवलेश येऊ न देता.

मुंगीनं तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा, मांजराएवढा आवाज. पाती कराकरा चालूच होती. एकही पोर हसलं नाही.

तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, टाचा उचलल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

पलीकडं मशीन थांबलं.