कानवही

पाच वाजायला चार मिनिटं होती आणि चौकातल्या नळाभोवती दीड-दोनशे माणसं एका बारीक धारेकडे टक लावून उभी होती. औषधांचा दुकानदार गल्ला उघडा टाकून आला होता. न्हावी आपल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवरच घेऊन बाहेर पडला होता, आणि त्या गिऱ्हाइकाचीही काही तक्रार दिसत नव्हती. गालावरचा फेस वाळत चालला होता तरी तोही नळाकडेच बघत होता. पाचच्या ठोक्याला धार आणखी बारीक झाली, नळ दोनदा खाकरला आणि पाणी बंद झालं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी चक्क त्या कोरड्या नळाला हात जोडले. मग दुकानदाराने फोन उंच धरला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा तो म्हातारा, मायाळू आवाज लावला.

"लेकरांनो, सांगितलं होतं की नाही? आधी वीज, मग पाणी. अकरा वर्षं झाली, मी डोळ्याला डोळा लावलेला नाही. तुम्ही झोपता, मी जागतो. आता तिसरी वेळ. शुक्रवारी दुपारी बारा वाजता गावावर काळ येणार आहे. त्याआधी पूल ओलांडा. आणि दवाखान्यातल्या माझ्या लेकींनो, तुम्ही सगळ्यांच्या आधी निघा. तुमचे हात मला पुढे लागणार आहेत."

हा जागता बाबा. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, तो फक्त फोनवरच्या गल्लीगल्लीच्या गटांतून बोलायचा. अकरा वर्षं न झोपलेल्या माणसाचा आवाज इतका ताजातवाना कसा, असं मी न्हाव्याला विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या खेपेला दाढी घरीच करावी असं मी ठरवून टाकलं.

आमचं गाव सीमेपासून चौदा किलोमीटरवर. वर्षभर पलीकडे ताणाताणी चाललेली, भोंग्यांच्या चाचण्या, रोजची वीजकपात, नदीवर बाहेर पडायला एकच अरुंद पूल. याच वर्षी शाळेच्या वरच्या वर्गांना नागरी सज्जता नावाचा नवा विषय लागला. शिकवायला कोणी तयार होईना, तेव्हा तो भूगोलाच्या मास्तराच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडला. हल्ला नेहमी रणगाडा घेऊनच येतो असं नाही, कधी तो वीज तोडतो, कधी अफवा सोडतो, कधी माणसाला माणसाविरुद्ध उठवतो, हे मी मुलांना शिकवायचो. प्रथमोपचाराच्या तासाला माझी थोरली बहीण आली होती. ताई सरकारी दवाखान्यात अतिदक्षता विभागाची मुख्य परिचारिका. श्वास थांबलेल्या माणसाला रबरी पिशवी दाबून हवा कशी द्यायची, हे तिने चौतीसच्या चौतीस मुलांकडून प्लास्टिकच्या बाहुलीवर करून घेतलं होतं.

आणि मी मुलांना एक गृहपाठ दिला होता, कानवहीचा. घरात, गल्लीत, फोनवर जे काही ऐकाल ते त्याच दिवशी लिहायचं. कोणी सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत. शाईने लिहायचं, खोडायचं नाही, आणि खरं की खोटं ते लिहायचं नाही. मुलं कुरकुरत लिहीत होती. मी मात्र तीन आठवड्यांत एकही वही उघडली नव्हती. दर शनिवारी जमा होणारा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी पडून होता आणि मी चौकात उभा राहून बाबाच्या झोपेवर विनोद करत होतो. आज त्याची लाज वाटते.

मंगळवारी मी वह्या परत वाटल्या, न तपासताच. वर्गात टाचणी नावाची एक मुलगी आहे. अंगाने तशीच आणि बोलणंही तसंच, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. तिची आईही परिचारिका, राहायला ताईच्याच वसाहतीत. कंटाळा आला म्हणून ती शेजारणीची वही वाचत बसली होती. मी तिला उभं केलं.

"सर, बाबा एकच आहे ना?" तिने विचारलं.

"तुमच्या पालकांच्या मते तरी एकच."

"मग वीज जाणार म्हणून त्याने पहिल्यांदा सांगितलं, त्या गुरुवारी ती किती वाजता जाणार होती? माझ्या वहीत दहा लिहिलंय. आईच्या गटात आलं होतं. हिच्या वहीत दोन आहे. हिचे वडील गोदामगल्लीच्या गटात आहेत."

वीज त्या गुरुवारी दोनला गेली होती. आणि गोदामगल्लीपासूनच बाबाची कीर्ती सुरू झाली होती.

मी खडू घेतला. "प्रत्येकाने आपल्या वहीतली वेळ सांगा."

फळ्यावर आकडे चढत गेले. वसाहत दहा, गोदामगल्ली दोन, चौक अकरा, नदीकाठ नऊ. आठ गल्ल्यांचे आठ गट, आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंतच्या आठ वेगवेगळ्या वेळा. त्या दिवसांत वीज रोजच कधी ना कधी जायची, म्हणजे कोणता तरी एक गट बरोबर येणारच होता. बाकीच्या सात गटांतले निरोप तासाभरात पुसले गेले आणि वर एक ओळ आली, हा गट बनावट होता, खरा बाबा इथे आहे. लोक तिकडे गेले, आणि तो एक गट भरला म्हणून पुन्हा गल्लीवार नवे आठ केले. पाणीही रोज कधी तरी जायचंच, त्या वेळीही तेच. पाच वाजता असं फक्त चौकवाल्यांना सांगितलं होतं. फोनमधलं सगळं पुसलं गेलं होतं, वह्यांमधलं तेवढं उरलं होतं.

"म्हणजे यात काहीच नाही," मागच्या बाकावरचा एक जण हसत म्हणाला. "आठ दगड मारायचे, एक लागतोच."

वर्ग हसला. टाचणी हसली नाही. "पण सर, त्याने अजून कोणाकडे काही मागितलं का?"

मी खडू खाली ठेवला. भोंदू माणूस पहिल्या चमत्कारानंतर दक्षिणा मागतो. याने दोन चमत्कार करूनही एक पैसा मागितला नव्हता. एवढा खटाटोप करून त्याला हवं होतं ते एकच, शुक्रवारी बारा वाजता गाव रिकामं आणि दवाखान्यात कोणी नाही. मला भीती वाटली, आणि मुलांसमोर मी ती लपवली नाही.

ठाणेदाराने सगळं लिहून घेतलं, वर कळवलं आणि पुलावर दोन शिपाई बसवले. त्याहून जास्त त्याच्या हातात नव्हतं. बुधवारी दुपारी मी ताईकडे गेलो. दाराशी तिची पिशवी भरलेली होती.

"तू मला शिकवू नकोस," ती चहाचं आधण ठेवत म्हणाली. "मी काही खुळी नाही. एकदा असतं तर योगायोग म्हटलं असतं. दोनदा झालं."

"तुझ्या तिघा पेशंटांचं काय? यंत्रावर आहेत ना ते?"

ती पाठमोरीच राहिली. "त्यांना हलवता येत नाही. मलाही मुलं आहेत रे."

आई गेल्यावर जिने मला वाढवलं तिच्यावर आवाज चढवणं मला जमत नाही. मी टाचणीची वही तिच्यासमोर ठेवली. तिने वाचलं आणि मान हलवली.

"चूक लिहिलंय पोरीने. मला दोनच सांगितलं होतं. मला नीट आठवतंय."

"त्या दिवशी सकाळी तू काय केलंस ते आठव."

"काय करणार? दुपारची ड्युटी होती. गणवेशाला इस्त्री केली, घाईघाईत, साडेनऊला," ती बोलता बोलता थांबली. "दहाच्या आत उरकायची होती म्हणून."

चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. भांडं उतरवत ती म्हणाली, "शपथेवर सांगितलं असतं रे मी, दोन म्हणून." मग तिने पिशवीतून गणवेश काढला आणि खुंटीला अडकवला.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानात मुलांनी आपापल्या गल्लीची पानं मोठ्याने वाचली. बरेच जण खाली मान घालून घरी गेले. पण तासाभरात बाबाचा निरोप आला, शाळेतल्या पोरांना माझ्याविरुद्ध उभं केलं आहे, त्यांना क्षमा करा. म्हणजे मैदानात त्याचं कोणीतरी होतं. घरी जाताना मी पहिल्यांदाच शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे संशयाने पाहिलं, आणि त्या आवाजाला कदाचित हेही हवं असेल असं वाटून स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी तरीही गावाचा तिसरा हिस्सा निघाला. अकरापर्यंत पूल असा तुंबला की पुढे जाता येईना, मागे येता येईना. दवाखान्याचा जनरेटर चालवणाराही त्यात होता, आणि जनरेटरच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात.

बारा वाजता वीज गेली. ही रोजच्यासारखी नव्हती. पंप, दवाखाना, फोनचे मनोरे, सगळं एका झटक्यात बंद. मी दवाखान्याच्या जिन्यात होतो. एका म्हाताऱ्या नातेवाइकाने भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "बाबा खरा होता हो." क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण ताई विभागाच्या दारात उभी होती, आणि तिच्यासोबत तिच्या नऊ जणींपैकी सात.

श्वासयंत्रांच्या बॅटऱ्या वीस मिनिटांत संपल्या. मग तीन खाटांशी तीन जणी रबरी पिशव्या दाबत उभ्या राहिल्या. टाचणी यादी घेऊन आली होती, दोघादोघांच्या पाळ्यांची, कारण सज्जतेच्या तासाला आम्ही तेच ठरवून ठेवलं होतं. थकलेल्या परिचारिकेच्या जागी एकेक मूल उभं राहायचं आणि ताई मोजायची. "घाई नको. दाब, सोड, थांब. छाती वर येते का बघ." जनरेटर चालवणारा किल्लीसकट पुलावर अडकला होता. त्याला शोधून, गर्दीतून उलटा चालवत आणायला पन्नास मिनिटं लागली. तोपर्यंत तिन्ही माणसांचा श्वास सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मुठीत होता. तिघंही वाचले.

पुढे कळलं की वीज केंद्रातला खटका कोणीतरी दुरून पाडला होता. कोणी, ते अजून कळलेलं नाही. पहिली दोन भाकितं निव्वळ अंदाज होते, आठ वेळा टाकून एक लागलेला. तिसरं खरं ठरलं, कारण सांगणाराच ते करणार होता. ताईच्या बोटांना त्या संध्याकाळी कप धरवत नव्हता. मी तिला चहा पाजला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दहाच म्हणाला होता मेला."

वाचकहो, मी काही मोठं ज्ञान सांगत नाही. भविष्य कोणालाही दिसत नाही, आणि आपली आठवण आपल्यालाच फसवते. म्हणून ऐकलेलं ते घडण्याआधी लिहून ठेवा, शाईने. मग शेजाऱ्याला विचारा, त्याला काय सांगितलं होतं. आणि कोणी फुकट चमत्कार दाखवत असेल, तर त्या वेळी तुम्ही कुठे नसावं अशी त्याची इच्छा आहे, हे आधी बघा.

गेल्या सोमवारी नवा आवाज आला. या वेळी बाईचा, फार प्रेमळ. बुधवारी नदीचं पाणी चढेल म्हणाला. मी वही उघडेपर्यंत ताईचा फोन आला.

"आमच्याकडे सकाळी सात सांगितलंय," ती म्हणाली. "तुमच्या गल्लीत किती?"