एका गाडीचा माल

रेल्वेचा संप सुरू झाला आणि मल्लिकार्जुनच्या चादरींचे गठ्ठे घरातच अडकले. जालन्याच्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता, शुक्रवारी नव्या दुकानाचा मुहूर्त. तोवर माल आला तर वर्षभर तुमच्याच चादरी ठेवीन, न्हाय तर दुसऱ्याच्या फळीवर चढतील. साखर पेठेतल्या त्या घराला असं कायमचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळत होतं. बायको मथुराबाई गठ्ठ्यांची तोंडं शिवताना गुणगुणत होती,

माझ्या गं चादरीला मोरपंखी काठ,
जालन्याच्या पेठेची गं दावा तिला वाट.

वाट दावायची कुणी? अख्खी गाडी करावी तर एवढ्याशा मालाला ती परवडत नव्हती. मोठ्या ट्रान्सपोर्टची गाडी रोज सुटायची, पण बीडच्या गोदामात माल उतरवून दुसऱ्या गाडीत टाकायची. गेल्या खेपेला हमालांच्या आकड्यांनी चादरी फाटल्या, एक गठ्ठा तर भलत्याच गावी गेला. मल्लिकार्जुननं तेव्हाच कानाला खडा लावला.

म्हणून तो बडेसाबकडं गेला. बडेसाब चार व्यापाऱ्यांचा माल एका गाडीत भरायचा, आणि ती गाडी थेट जायची.

"चाचा, वाटेत कुटं उतरवायचा न्हाय माझा माल. शब्द द्या."

"दिला, अण्णा. एकदा चढला की जालन्यातच उतरणार. ज्याचा माल घेतो त्याला हाच शब्द देतो मी. आणि आज भवानी तुमची, पहिला मान तुमचा."

गठ्ठे सगळ्यांत आधी चढले, केबिनला चिकटून. मग त्यांच्यावर तुरीच्या डाळीची पोती आली, थेट वरपर्यंत. मागची अर्धी जागा तेलाच्या पिप्यांसाठी ठेवलेली. ते पिपे संपामुळं होटगी स्टेशनात रेल्वेच्या डब्यात कुलूपबंद होते. बडेसाब म्हणाला होता, दुपारपर्यंत सुटतील. त्यांच्याशिवाय, अर्ध्या भाड्यात गाडी काढणं त्याला परवडत नव्हतं.

बुधवार गेला. गुरुवारची दुपार कलली. पिपे काही सुटले नाहीत.

तेवढ्यात हैदराबादला माल टाकून परतणारी जालन्याचीच एक गाडी नाक्यावर जेवायला थांबली. अर्धी रिकामी! ड्रायव्हर म्हणाला, "आणा तुमचे गठ्ठे, सकाळी जालन्यात टाकतो."

मल्लिकार्जुन पळतच आला. "चाचा, माझा माल उतरवा!"

बडेसाबनं डाळीकडं पाहिलं. "वरची पोती काढल्याबिगर तुमचं कसं निघंल?"

"मग काढा की!"

"डाळवाला लातूरला गेलाय. त्याला मी काय सांगितलंय? एकदा चढला की जालन्यातच. तुमचाच शब्द हाय तो, अण्णा."

"पण माझं नुकसान होतंय हो!"

"दिसतंय मला. पण उद्या एखादा म्हणंल, चादरी उतरवा, तर उतरवू?"

कोंडीबा हमाल तंबाखू मळत म्हणाला, "डाळ झोपलीय चादरीवर, अण्णा. उठवू नका तिला." कुणी हसलं नाही, तसा तो तंबाखू तोंडात टाकून बाजूला सरला.

मल्लिकार्जुन फळकुटावर पाय देऊन वर चढला. दोन पोत्यांच्या फटीतून हात घातला, खांदा टेकेपर्यंत घातला. बोटांच्या टोकांना आपल्या गठ्ठ्याचं गोणपाट लागलं. तो तसाच राहिला, तापल्या पोत्यावर गाल ठेवून.

नाक्यावरून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. मग इंजिनाचा आवाज बार्शी रस्त्याला लागला आणि बारीक होत गेला.

बडेसाबच्या गाडीचा ड्रायव्हर मौला, त्यानं त्याला हात धरून खाली उतरवलं. "घरी जावा, अण्णा. गाडी हलली की मी स्वतः सांगाया येतो."

"व्हय," मल्लिकार्जुन म्हणाला, आणि तिथंच चाकापाशी बसला. बडेसाबनं चहा आणून शेजारी ठेवला. त्यावर साय धरली.

होटगीकडून धूळ उठायची. लांबून येणाऱ्या प्रत्येक गाडीत त्याला पिपे चमकताना दिसायचे. जवळ आली की कधी कडबा असायचा, कधी नुसती माणसं.