खोली रंगवायचा भाव

रंगाऱ्याला एक खोड होती. कुणी भिंतीकडे बोट दाखवून भाव विचारला, की हा जेवणावरून उठून सांगायचा. खोली सोडायच्या दिवशी घरमालकाने सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, ही खोली नीट रंगवायची तर किती जातील?" झालं! गडी खुलला. आधी सगळं खरवडायचं, पुट्टी भरायची, मग प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. भावही असा सांगितला, की काम नामी झालंच पाहिजे. घरमालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तेवढे पैसे डिपॉझिटमधून कापतो म्हणाला. म्हणजे जवळजवळ सगळंच गेलं.

बायकोने कपाळावर हात मारला. त्याच पैशांवर नवी खोली ठरली होती. शनिवारपर्यंत भरले नाहीत तर ती दुसऱ्याला जाणार होती. तोवर मुक्काम तिच्या भावाकडे. भाऊ भला माणूस, पण भावजय रोज सकाळी यांच्या बोचक्यांना वळसा घालताना असा सुस्कारा सोडायची, की रंगारी चहा अर्धाच टाकून उठायचा.

आपल्याच तोंडाने सांगितलंय, आता जाऊ दे, असं तो म्हणत राहिला. बायको कसली जाऊ देते! ती भाडेकरू संघाच्या कचेरीत जाऊन बसली. तिथल्या वकीलबाईंनी सरळ सांगितलं, की माणसं राहिली की रंग उडतोच, त्याचा भुर्दंड भाडेकरूला नाही. मोडतोड केली असेल तर कापावेत, तेही झालेल्या खर्चाची पावती दाखवून.

शुक्रवारी दोघं घरमालकाच्या दारात उभी राहिली. भाव तर तुझ्याच नवऱ्याने सांगितला, असं तो तोंड वर करून म्हणाला. रंगाऱ्याने मान खाली घातली. बायको मात्र तडक शेजारच्याच आपल्या जुन्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. आत नवी भाडेकरीण मूल कडेवर घेऊन भांडी लावत होती. भिंती जशाच्या तशा, खिडकीखालचा ओलीचा डागसुद्धा जागच्या जागी.

"यांनी भाव सांगितला, काका. काम कुठे झालंय?" बायको म्हणाली. "पावती दाखवा, नाहीतर आमचे पैसे द्या. नाही दिलेत तर सोमवारी वकीलबाई विचारायला येतील."

नव्या भाडेकरणीने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती दाराशी येऊन ऐकू लागली. घरमालकाला तेच जास्त झोंबलं असावं. तो पुटपुटत आत गेला आणि पैसे घेऊन आला. बायकोने ते तिथेच मोजून घेतले. रंगाऱ्याला तिचा फार अभिमान वाटला.

निघताना भाडेकरणीने त्याला हाक मारली. "दादा, तुम्ही रंगारी ना? ही खोली रंगवायला किती लागतील हो?"

रंगाऱ्याने सवयीने तोंड उघडलं. घरमालक दारातच कान टवकारून उभा होता.

"ताई," रंगारी म्हणाला, "आधी भिंतींचे फोटो काढा, आणि त्या आज अशा आहेत एवढं काकांकडून लिहून घ्या. भाव मी मग सांगतो."